केऑस म्हणजे ‘काहीही होऊ शकतं’ नव्हे

“केऑस थिअरीनं सिद्धच केलंय, जगात काहीही होऊ शकतं.” हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. एखाद्या प्रेरणादायी भाषणात, शेअर बाजारावरच्या व्हिडिओत, नाहीतर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डमध्ये. सोबत बहुतेक वेळा ब्राझीलमधलं ते बिचारं फुलपाखरूही असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. केऑसच्या अभ्यासातून जे हाती लागलं, त्याची ही अर्धीच बाजू आहे. उरलेली अर्धी अशी: एखादी प्रणाली नेमक्या कुठल्या वाटेनं जाईल हे सांगता येत नसलं, तरी ती शेवटी कुठे जाऊन राहील यावर कडक बंधनं असतात. इतकी कडक, की तिथे कुठला आकार चालेल आणि कुठला चालणार नाही, याची चक्क प्रमेयं आहेत. ही बाजू आपण सांगत नाही, आणि त्याची किंमत हवामानबदलापासून शहरातल्या नाल्यांपर्यंत बऱ्याच ठिकाणी मोजतो.

विषय थोडा गणिती आहे, पण समीकरण एकही लिहिणार नाही. चहा घेऊन बसा.

पाणलोट आणि तळं

सुरुवात त्या चहापासूनच करू. कप उकळता असो की कोमट, टेबलावर ठेवून विसरलात तर तो शेवटी खोलीच्या तापमानाला येतो. सुरुवात कुठूनही करा, शेवट एकच बिंदू. आता लंबकाचं घड्याळ घ्या. लंबकाला जरा जोरात ढकला किंवा जरा हळू, थोड्या वेळानं तो आपल्या ठरलेल्या झोक्यावर येतो. इथे शेवट बिंदू नाही, तर सतत फिरत राहणारं एक वर्तुळ आहे. असा जो शेवटचा मुक्काम, त्याला अ‍ॅट्रॅक्टर म्हणतात.

मराठीत यासाठी ‘आकर्षक’ हा शब्द वापरलेला दिसतो, पण मला तो पटत नाही. एक तर ‘आकर्षक साडी’ आठवते. दुसरं म्हणजे त्यातून कुणीतरी लोहचुंबकासारखं ओढतंय असं वाटतं. प्रत्यक्षात अ‍ॅट्रॅक्टर कुणालाच ओढत नाही. डोंगरावर पडलेलं पाणी उतारानं वाहत तळ्यात येतं. तळं काही त्याला बोलवायला जात नाही. ज्या भागातलं पाणी एका तळ्यात येतं त्याला आपल्याकडे पाणलोट क्षेत्र म्हणतात, आणि अ‍ॅट्रॅक्टरच्या भोवतालच्या अशाच प्रदेशासाठी मला हाच शब्द नेमका वाटतो.

व्याख्या थोडी घट्ट करू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अ‍ॅट्रॅक्टर हा संहत संच असतो, म्हणजे तो अमर्याद पसरलेला नसतो आणि त्याची कड त्याच्यातच असते. त्याच्याभोवती असं एक कुंपण घालता येतं, की ते फक्त बाहेरून आत ओलांडता येतं. कुंपणाच्या आत जो आला तो पुन्हा बाहेर जात नाही आणि काळ जाईल तसा अ‍ॅट्रॅक्टरच्या हवा तितका जवळ येतो. आणि अ‍ॅट्रॅक्टरवर जो आहे तो कायम तिथेच फिरत राहतो.

लोरेन्झनं दोन्ही बाजू पाहिल्या होत्या

फुलपाखराची गोष्ट एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाची. १९६१ मध्ये त्यानं संगणकावरचं हवामानाचं एक गणित मधूनच पुन्हा सुरू केलं. मूळ आकडा ०.५०६१२७ होता, छापील कागदावर तीनच दशांश स्थळं असल्यामुळे त्यानं ०.५०६ भरला. थोड्याच वेळात दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात.

पण १९६३ च्या प्रसिद्ध शोधनिबंधात (त्यातली बरीचशी आकडेमोड आणि आलेखांचं काम एलेन फेटर यांनी केलं होतं) आणखी एक गोष्ट आहे. त्यातल्या तीन साध्या समीकरणांमध्ये तुम्ही सुरुवातीच्या शक्यतांचा एखादा ढग सोडलात, तर त्या ढगाचं घनफळ सतत आक्रसत जातं. लोरेन्झनं वापरलेल्या आकड्यांसाठी दर एकक काळात ते सुमारे दहा लाखांश होतं. म्हणजे शेजारी शेजाऱ्यापासून दूर जातोय, पण अख्खी वस्ती मात्र वेगानं आकसतेय.

हे एकाच वेळी कसं होतं ते ज्यानं चिरोटे केलेत त्याला समजावून सांगावं लागत नाही. पोळी लाटायची, साटा लावायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. शेजारी ठेवलेल्या केशराच्या दोन काड्या चार-पाच घड्यांनंतर कुठल्या कुठे गेलेल्या असतात. पण पीठ पोळपाटाबाहेर जात नाही, आणि पदरही वाटेल तसे पडत नाहीत. लोरेन्झचा अ‍ॅट्रॅक्टर असाच पदर सुटलेला आहे. त्याची मिती सुमारे २.०६ भरते, म्हणजे कागदापेक्षा किंचित जास्त आणि ठोकळ्यापेक्षा खूपच कमी. आजूबाजूच्या सगळ्या त्रिमितीय अवकाशात प्रणालीला शेवटी राहायला एवढीच जागा आहे.

‘काहीही होऊ शकतं’ असं म्हणणारा केशराच्या काड्या बघतो. पोळपाट बघत नाही.

कुठला आकार चालेल?

आता मूळ प्रश्न. समजा तुम्ही मला कागदावर एखादा आकार काढून दिलात. त्या आकारावर येऊन थांबेल असा प्रवाह मी बनवू शकते का?

बिंदू? हो. वर्तुळ? हो. इंग्रजी आठ? तोही. भरीव चकती? तीही. मग तुम्ही मला अडवायला जरा वाकडे आकार काढाल. एक प्रसिद्ध आकार आहे वॉर्सा वर्तुळ: एक रेषा, जी एका टोकाशी येता येता अधिकाधिक घाईनं वरखाली थरथरते, अनंत वेळा, आणि मग मागून वळसा घालून तिची दोन्ही टोकं जोडलेली. दिसायला भयंकर. तरीही उत्तर ‘हो’ असंच आहे. चष्मा काढून पाहिलं तर ते साधं कडं दिसतं, आणि प्रवाहाला तेवढं पुरतं.

आता दुसरा आकार. एकाच खिळ्याला अडकवलेल्या बांगड्या, प्रत्येक आधीचीपेक्षा लहान, अशा अनंत. खिळ्यापाशी सगळ्या एकमेकींना टेकलेल्या. हा आकार संहत आहे, वॉर्सा वर्तुळापेक्षा कितीतरी नीटनेटका आहे. पण हा कुठल्याही प्रवाहाचा अ‍ॅट्रॅक्टर होऊ शकत नाही. कधीच नाही.

कारण समजायला सोपं आहे. अ‍ॅट्रॅक्टरभोवती कुंपण हवं. बांगड्या लहान लहान होत जातात, त्यामुळे कुंपण कितीही जवळून घाला, खिळ्याजवळच्या बारीक बांगड्यांची भोकं त्याच्या आत पूर्ण गिळली जातात. आता अशा एका भोकाचा विचार करा. त्याच्या कडेला बांगडी आहे, आणि बांगडीवरचा प्रवाह बांगडीवरच राहतो. आतली चकती प्रवाहामुळे स्वतःतच फिरते. अशा चकतीत निदान एक बिंदू तरी हलणार नाही, हे ब्रौवरच्या स्थिरबिंदूच्या प्रमेयावरून निघतं. तो भोकाच्या आत असेल, तर बांगडीपर्यंत कधी पोहोचणारच नाही. तो बांगडीवरच असेल, तरी थोड्या विचारानं भोकाच्या आतला, बांगडीपर्यंत न पोहोचणारा असा बिंदू सापडतोच. पण कुंपणाच्या आत आलेल्या प्रत्येकानं अ‍ॅट्रॅक्टरकडे जायला हवं होतं! म्हणून प्रत्येक भोकात काही भाग कुंपणाबाहेर राखावा लागतो, आणि कुंपणाला अशी भोकं मोजकीच ठेवता येतात. सपाटीवरच्या प्रवाहाचा अ‍ॅट्रॅक्टर कितीही वेडावाकडा असला, तरी त्याचे तुकडे आणि त्यातली भोकं मर्यादितच असतात.

हेच सगळ्या मितींसाठी १९९३ मध्ये बर्न्ड ग्युंथर आणि जॅक सेगल यांनी सिद्ध केलं. करोल बोर्सुक या पोलिश गणितज्ञानं १९६८ च्या सुमारास ‘शेप थिअरी’ मांडली होती, म्हणजे मघाशी म्हटलेलं चष्मा काढून पाहण्याचं शास्त्र. त्या भाषेत ग्युंथर-सेगल यांचं म्हणणं असं: प्रवाहाच्या प्रत्येक अ‍ॅट्रॅक्टरचा शेप हा मोजक्या त्रिकोणांनी, चौफलकांनी जोडून बनवलेल्या आकारासारखाच असतो. उलट बाजूनंही, ज्या मर्यादित मितीच्या संहत संचाचा शेप असा असतो, तो योग्य अवकाशात बसवला तर कुठल्या ना कुठल्या प्रवाहाचा अ‍ॅट्रॅक्टर होऊ शकतो.

लोरेन्झचा अनंत पदरी पसारा या चाळणीतून पाहिला तर काय उरतं? आठचा आकडा. दोन पंख, दोन भोकं. मला स्वतःला हे केऑसमधल्या सगळ्यात सुंदर निष्कर्षांपैकी एक वाटतं: बारकाव्यात अनंत गुंतागुंत, आणि ठसा मात्र बालवाडीतल्या पोराला काढता येईल असा.

अटी लागू

प्रमेय वाचताना बारीक अक्षरातल्या अटी वाचाव्या लागतात. त्या अटीही शिकवून जातात, म्हणून तीन सांगते.

पहिली अट जागेची. आकार चालण्यासारखा आहे म्हणजे तो कुठेही, कसाही मांडला तर चालेल असं नाही. जेम्स अलेक्झांडरनं १९२४ मध्ये एक ‘शिंगवाला गोल’ दाखवला. तो स्वतः साध्या फुग्यासारखाच आहे, पण त्याला फुटलेली शिंगं एकमेकांत अशी अनंत वेळा अडकत जातात, की त्याच्या बाहेरून टाकलेला दोऱ्याचा फास काढताच येत नाही. साधा फुगा आपल्या त्रिमितीय अवकाशात अ‍ॅट्रॅक्टर होऊ शकतो. शिंगवाला गोल कुठल्याही प्रवाहाचा होऊ शकत नाही.

दुसरी अट काळाची. वर सगळीकडे मी अखंड वाहणारा प्रवाह धरला. काळ टप्प्याटप्प्यानं उड्या मारत असेल तर नियम सैल होतात. सायकलची ट्यूब ताणून दुप्पट लांब करा, बारीक करा, आणि तिलाच तिच्या मूळ जागेच्या आत दोन फेरे गुंडाळून बसवा. हेच पुन्हा पुन्हा करा. जे शेवटी उरतं त्याला सोलेनॉइड म्हणतात. उड्यांच्या प्रणालीत तो अगदी कायदेशीर अ‍ॅट्रॅक्टर आहे, पण अखंड प्रवाहाचा तो होऊच शकत नाही. प्रवाहात कुंपण हळूहळू आत सरकतं, मध्येच स्वतःभोवती दोन फेरे घ्यायला त्याला संधी मिळत नाही. उडीत ती मिळते. अर्थात उड्यांनाही सगळं माफ नाही: उड्यांचाही अ‍ॅट्रॅक्टर होऊ शकत नाही असा एक संहत संच ग्युंथरनंच १९९४ मध्ये दाखवला.

तिसरी अट व्याख्येची, आणि माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची. सुट्या बिंदूंच्या धुरळ्यासारखा कँटर संच वरच्या व्याख्येत बसत नाही, कारण त्याचे तुकडे अनंत आहेत. पण लोकसंख्येच्या त्या प्रसिद्ध लॉजिस्टिक सूत्रात वाढीचा दर सुमारे ३.५६९९ ला नेला, की जवळजवळ सगळ्या सुरुवाती नेमक्या एका कँटर संचावर येऊन पडतात. मग तो अ‍ॅट्रॅक्टर आहे की नाही? ‘कुंपणातले सगळेच तिथे यायला हवेत’ म्हटलं तर नाही. जॉन मिल्नरनं १९८५ मध्ये सुचवल्याप्रमाणे ‘ज्यांचं माप शून्य नाही इतके आले तरी पुरे’ म्हटलं तर आहे. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. प्रश्नच दोन आहेत.

चित्र म्हणजे पुरावा नव्हे

इथे मला माझ्याच व्यवसायबंधूंशी थोडं भांडायचं आहे. परिषदांमधल्या पोस्टरवर संगणकानं काढलेली एखादी सुंदर गुंतवळ असते आणि खाली बिनधास्त लिहिलेलं असतं, ‘स्ट्रेंज अ‍ॅट्रॅक्टर’. लोरेन्झचं चित्र १९६३ चं. ते खरोखरच तसं आहे, संगणकाच्या गोळाबेरजेतून झालेला भास नाही, याची सिद्धता वॉरविक टकरनं दिली १९९९ मध्ये. मधली ३६ वर्षं फुलपाखरू जगभर उडत होतं, पण गणिताच्या दृष्टीनं त्याचे कागदपत्र पूर्ण नव्हते. १९७६ मध्ये मिशेल एनाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं १.४ आणि ०.३ हे आकडे घालून काढलेलं चित्र तर प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. बेनेडिक्स आणि कार्लेसन यांनी १९९१ मध्ये त्याच सूत्रातल्या इतर बऱ्याच आकड्यांसाठी केऑस सिद्ध केला. नेमक्या १.४ आणि ०.३ साठी मात्र तो एक अतिशय लांबलचक, पण शेवटी पुनरावृत्ती होणारा मार्ग नसेलच, याची सिद्धता अद्याप नाही.

शुद्ध गणितापलीकडेही याचे परिणाम होतात. १९८४ मध्ये ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. समुद्रतळाच्या गाळातल्या समस्थानिकांच्या नोंदींवरून पृथ्वीच्या दीर्घकालीन हवामानाला अ‍ॅट्रॅक्टर आहे आणि त्याची मिती तीनच्या थोडी वर आहे, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे हिमयुगांचं सगळं नाटक मोजक्या चार-पाच पात्रांत बसवता येईल! दोनच वर्षांत पीटर ग्रासबर्गरनं त्याच नियतकालिकात दाखवलं, की एवढ्या थोड्या नोंदींवरून असा निष्कर्ष काढताच येत नाही. आधी ‘या नोंदींतून कुठला संच दिसणं शक्य तरी आहे का’ हे विचारायला हवं होतं. हा प्रश्न आज मेंदू, शेअर बाजार, मनोव्यवहार यांच्या नावानं ‘अ‍ॅट्रॅक्टर’ शोधणाऱ्या प्रत्येकाला विचारावासा वाटतो.

मग घरच्या ग्रुपवर काय उत्तर द्यायचं?

आता त्या फॉरवर्डकडे. त्याचं सगळ्यात चलाख रूप असं असतं: “दोन आठवड्यांनंतरचा पाऊस यांना सांगता येत नाही, आणि हे २०५० चं हवामान सांगायला निघालेत.”

पुढच्या वेळी हे आलं, तर पोळपाट आठवा. दोन आठवड्यांनंतरचा पाऊस म्हणजे केशराची काडी. हवामान, म्हणजे ज्याला इंग्रजीत क्लायमेट म्हणतात ते, म्हणजे पोळपाट: कुठल्या अवस्था शक्य आहेत, आणि कुठली किती वेळा येते. लोरेन्झच्या समीकरणांतच हे करून पाहता येतं. त्यात तापमानातल्या फरकाशी निगडित एक आकडा आहे. तो १० ठेवला, तर जवळपास सगळे मार्ग दोन शांत बिंदूंपैकी एकावर जाऊन थांबतात. तो २८ केला, की फुलपाखरू. २८ ला एक मार्ग कुठे असेल हे मी सांगू शकत नाही. पण १० चे २८ झाले तर सगळं चित्र बदलेल, हे छातीठोकपणे सांगू शकते. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीआधी दशलक्षात सुमारे २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. आपण मार्ग नाही, आकडा हलवतोय.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. खऱ्या पृथ्वीच्या हवामानाचा अ‍ॅट्रॅक्टर कुणी सिद्ध केलेला नाही, आणि आकडा सतत हलत असताना अ‍ॅट्रॅक्टरची व्याख्याही काळासोबत हलणारी घ्यावी लागते. उपमा ही उपमाच आहे. पण तिच्यामागचा भेद कल्पनेतला नाही. मान्सूनचे अभ्यासक जगदीश शुक्ला यांनी १९९८ मध्ये ‘सायन्स’मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: दिवसाचं भाकीत केऑसमुळे अडतं, पण समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींमुळे ऋतूचं भाकीत काही प्रमाणात शक्य होतं.

हा भेद फक्त वादात जिंकण्यापुरता नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्यापैकी कित्येकांनी तेव्हा परदेशातून रात्रभर घरी फोन लावले असतील. तो पाऊस त्याच दिवशी पडेल हे महिनाभर आधी कुणालाही सांगता आलं नसतं, हे खरं आहे. पण शहराचे जुने नाले तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेले होते. नाला बांधताना ‘कुठल्या दिवशी’ हा प्रश्न नसतोच. ‘शक्यतांचा पसारा कुठवर आहे, आणि तो सरकतोय का’ हा असतो. निसर्ग अनाकलनीय आहे, काहीही होऊ शकतं, असं म्हटलं की पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळायला वापरलं जातं.

कुणी म्हणेल, प्रमेयं आदर्श जगातली, खऱ्या जगात गोंगाट असतो, अनंत बारकावे कुणाला दिसतात? मान्य. म्हणूनच मला ग्युंथर आणि सेगल यांचं प्रमेय आवडतं. ते बारकाव्यांबद्दल काहीच वचन देत नाही. कुंपणाबद्दल देतं, आणि कुंपण मर्यादित असतं. जे आपल्याला कळू शकतं, त्याबद्दलच ते बोलतं.

तेव्हा यापुढे कुणी केऑसचं नाव घेतलं, तर एवढंच विचारा: तुम्ही मार्गाबद्दल बोलताय की मुक्कामाबद्दल? व्याख्या कुठली घेतली आहे? आणि जे सांगताय ते सिद्ध झालंय, मोजलंय, की फक्त चित्रात छान दिसतंय? पहिल्याच प्रश्नाला बहुतेक फॉरवर्ड गळून पडतात. जे उरतील त्यांच्याबद्दल इथे जरूर लिहा, त्यावर बोलायला मला आवडेल.